जुन्या फेरीबोटीची नोकरी आणि निवृत्ती: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईजवळ हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. तेव्हापासून एमएच ३१ आणि ४९ च्या गाड्या कोकणातल्या जेट्ट्यांच्या रांगेत जास्त दिसू लागल्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच गाडी बोटीवर चढवणारे बरेचसे प्रश्न सारखेच विचारतात. त्यातला पहिला बहुतेक वेळा गंजाबद्दल असतो. मग बोटीच्या वयाचे, मोडीत काढण्याचे आणि ‘आपल्याकडे आणता येईल का’ असेही प्रश्न येतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जंगलजेट्टी म्हणजे नक्की काय? लाँचपेक्षा ती वेगळी कशी?

कोकणात गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला सर्रास जंगलजेट्टी म्हणतात. लाँचचा तळ निमुळता आणि खोल असतो. फेरीबोटीचा तळ सपाट आणि रुंद असतो, कारण तिला उथळ किनाऱ्याला थेट नाक लावून उभं राहायचं असतं. वर मोकळा डेक, टोकाला पुलासारखा खाली टेकणारा लोखंडी रॅम्प आणि गाड्यांना अडथळा होऊ नये म्हणून एका बाजूला किंवा उंचावर तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची केबिन. दोन्ही टोकांना रॅम्प असेल तर गाडी सरळ चढते आणि सरळ उतरते. एकाच टोकाला असेल तर चढताना किंवा उतरताना रिव्हर्स घ्यावी लागते. त्याची तयारी मनात ठेवूनच रांगेत लागा.

महाराष्ट्रात अशा फेऱ्या कुठे आहेत?

उत्तरेकडून निघालं तर मुंबईत भाऊचा धक्का ते मांडवा, मग राजपुरी खाडीवर आगरदांडा–दिघी, सावित्रीच्या मुखाशी वेश्वी–बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे, शास्त्री नदीवर तवसाळ–जयगड. मांडव्याची बोट बाकीच्यांपेक्षा खूप मोठी आहे. ती ग्रीसमध्ये बांधलेली असून २०२० पासून चालते. बाकीच्या खाडीवरच्या छोट्या बोटी आहेत आणि पुढची उत्तरं मुख्यतः त्यांच्याबद्दल आहेत.

बोट सगळीकडून गंजलेली दिसते. चढावं का?

डोळ्यांना दिसणारा लाल गंज बहुतेक वेळा कठडे, शिड्या आणि डेकच्या वरच्या भागावर असतो. तो कुरूप दिसतो, पण बोट त्याने बुडत नाही. बोट बुडते ती तुम्हाला न दिसणाऱ्या जागी पत्रा पातळ झाल्यामुळे. म्हणून रंगाकडे बघून कोणताही निष्कर्ष काढू नका. ताजा रंग बघून तर मुळीच नको.

खरा निकष पत्र्याची जाडी. समजा, तळाचा पत्रा बांधताना ८ मिलिमीटर होता. समुद्राच्या पाण्यात बुडालेलं उघडं पोलाद साधारण वर्षाला ०.१ मिलिमीटर झिजतं. रंग आणि गंज रोखायला तळाला लावलेले जस्ताचे तुकडे नीट असतील तर त्याहून कमी, आणि खड्डे पडायला लागले तर त्या ठिकाणी कितीतरी जास्त. काहीही न करता वीस वर्षं काढली तर २ मिलिमीटर गेले, उरले ६. सर्वेक्षणात, म्हणजे बोटीच्या अधिकृत तपासणीत, मूळ जाडीच्या २० ते २५ टक्क्यांपलीकडे झीज गेली की साधारणपणे तो पत्रा बदलायला सांगतात. नेमकी मर्यादा पत्र्याच्या जागेवर आणि जहाजं तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेच्या नियमांवर ठरते. ८ मिलिमीटरच्या २५ टक्के म्हणजे बरोबर ते २ मिलिमीटर. वीस-पंचवीस वर्षांच्या बोटीत तळाचे पत्रे बदलावे लागतात, ते यामुळे.

जाडी मोजतात ती ध्वनिलहरींच्या गेजने. रंग घासून धातू चकचकीत करायचा, त्यावर जेल लावायची, प्रोब टेकवायचा आणि एका पत्र्यावर किमान पाच ठिकाणी वाचन घ्यायचं. कामचुकारपणा इथेच होतो. सरळ, कोरड्या, हाताला सहज येणाऱ्या जागी पाच वाचनं घेतली की आकडे छान येतात. जाडी खरी घटते ती पाण्याच्या रेषेवरच्या पट्ट्यात, इंजिनखोलीच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्याखाली, टायर टांगलेल्या जागेमागे, शौचालयाखाली आणि रॅम्पच्या बिजागऱ्यांजवळ. अहवालात या जागांचे आकडे नसतील तर तो अहवाल अपुरा समजावा.

प्रवासी म्हणून तुम्ही एवढंच करू शकता: बोटीवर सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावर प्रवासीसंख्या आणि मुदतीची तारीख असते. तिकीट काढताना ते बघा. मुदत संपलेली असेल तर पुढच्या बोटीची वाट बघा किंवा रस्त्याने जा.

ठिगळ लावलेली बोट वाईट का?

पातळ झालेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग करणं, याला डबलर म्हणतात. गोदीपर्यंत पोचण्यापुरतं ते चालतं, पण कायमची दुरुस्ती म्हणून नाही. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल अडकते, तिथे गंज आणखी वेगाने चालतो आणि बाहेरून मोजलं तर गेज वरच्या नव्या पत्र्याची जाडी दाखवतो. योग्य पद्धत अशी की खराब भाग कापून काढायचा, कोपरे गोल ठेवायचे, तेवढाच नवा पत्रा बसवायचा आणि पूर्ण जाडीपर्यंत वेल्ड भरायचा. कोपरा काटकोनी ठेवला तर ताण तिथे एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

फेरीबोटीचं आयुष्य किती?

ठरावीक आकडा नाही. नीट राखलेली पोलादी बोट तीस-चाळीस वर्षं सहज काम करते. न राखलेली पंधरातच हात टेकते. ट्रकचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजता येतं, पण फेरीबोट दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात फिरते. तिच्या बाबतीत किती वेळा नाक किनाऱ्याला टेकलं, किती वेळा रॅम्प पडला आणि किती वेळा गिअर पुढे-मागे झाला, हे मोजायला हवं.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त काय झिजतं?

रॅम्प पहिला. तो दर फेरीला उचलला आणि टाकला जातो, त्यावरून भरलेले टेम्पो जातात आणि तो अर्धा वेळ खाऱ्या पाण्यात असतो. बिजागरीची पिन आणि बुश यांच्यात ग्रीस गेलं नाही तर पिन एका बाजूने खाल्ली जाते, रॅम्प तिरका टेकतो आणि सगळा भार एकाच कोपऱ्यावर येतो. उचलणाऱ्या तारेचा दोर व्यास साधारण १० टक्के घटला की बदलायचा. १६ मिलिमीटरचा दोर १४.४ वर आला म्हणजे संपला, वरून कितीही ग्रीस चोपडलेलं असो. तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आलेल्या दिसल्या तर व्यास मोजायचीही गरज नाही.

दुसरा नंबर गिअरबॉक्सचा. जेट्टीला लागताना तांडेल पुढे, न्यूट्रल, मागे, परत पुढे असं सारखं करतो. वेगात असताना झटक्याने रिव्हर्स टाकला की क्लचच्या चकत्या जळतात. तेल काळं पडलं आणि करपल्यासारखा वास आला की चकत्या गेल्या समजा. इंजिनाचं दुखणं वेगळं. जेट्टीवर उभं असताना ते तासन् तास रिकामं फिरतं, सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये चिकट काळं होऊन बसतं. त्यावर उपाय दोनच: रांग लांब असेल तर इंजिन बंद ठेवायचं, आणि दिवसातून एकदा तरी त्याला पूर्ण भारावर चालवायचं.

खाडीच्या पाण्यात गाळ आणि वाळू असते. थंडाव्यासाठी ओढलेल्या पाण्याची गाळणी त्याने भरते, पंपाचं रबरी इंपेलर पाती गमावतं आणि तुटलेली पाती हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन अडकतात. इंपेलर बदलला आणि पाती मोजून गोळा केल्या नाहीत, तर आठवड्याभरात इंजिन परत तापतं. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टला आधार देणारं रबरी बेअरिंगही याच वाळूने खरवडलं जातं. शाफ्ट हुलातून (बोटीच्या धडातून) बाहेर पडतो तिथल्या पॅकिंगमधून बोट चालू असताना मिनिटाला काही थेंब गळायलाच हवेत. ‘गळती थांबवली’ म्हणून कोणी नट आवळून टाकला की पॅकिंग कोरडं पडतं, तापतं आणि शाफ्टवर खाच पाडतं.

आणि जस्त. तळाला जस्ताचे तुकडे वेल्ड केलेले असतात. पोलादाऐवजी ते झिजतात, त्यांचं कामच ते. निम्म्याहून जास्त झिजले की बदलायचे. रंगकाम करताना मजूर तळासोबत या तुकड्यांवरही रंग मारून मोकळे होतात, आणि रंग लागलेलं जस्त काहीही करत नाही. पुढच्या वेळी गोदीत बोट घेतली की जस्त नव्यासारखं चकचकीत आणि पंख्याजवळचा पत्रा खड्ड्यांनी भरलेला, असं दृश्य दिसतं. जस्त झिजलेलं नाही याचा आनंद मानू नये.

गोदीत घेतल्यावर काय काय करतात?

आधी जोराच्या पाण्याने तळावरचं शेवाळ आणि कवचवाले किडे काढतात, तेही ओले असतानाच, वाळले की खरवडायला दुप्पट मेहनत. मग जाडीची मोजणी, खराब पत्रे कापणं, समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह उघडून बघणं, शाफ्ट बाहेर काढणं, सुकाणूची ढिलाई मोजणं, नवीन जस्त, इपॉक्सी प्रायमर आणि शेवटी शेवाळरोधक रंग. वेल्डिंग करताना अर्थची वायर बोटीलाच, कामाच्या जागेजवळ लावायची. ती दूर कुठेतरी अडकवली तर करंट शाफ्टच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि नवं बेअरिंग पाण्यात उतरायच्या आधीच डागाळतं.

भरलेला ट्रक चढला की बोट किती बुडते?

हिशेब सोपा आहे. ३० मीटर लांब, ९ मीटर रुंद बोट घ्या. टोकं थोडी निमुळती धरून पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ साधारण २३० चौरस मीटर. ती एक सेंटिमीटर खाली जायला २.३ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे खाऱ्या पाण्यात सुमारे २.३६ टन. सव्वा टनाची कार चढली तर बोट अर्धा सेंटिमीटर दबते, १६ टनांचा ट्रक चढला तर सुमारे ७ सेंटिमीटर. एकूण वजनाची चिंता कमी, ते कुठे उभं आहे याची जास्त. तोच ट्रक एका कडेला उभा केला तर त्या बाजूची कड ७ सेंटिमीटरपेक्षा पुष्कळ जास्त खाली जाते.

म्हणून खलाशी सांगेल तिथेच गाडी लावा. जड वाहनं मधल्या रेषेवर, हलकी कडेला, दोन्ही बाजू सारख्या. ‘मला आधी उतरायचं आहे, मी पुढेच लावतो’ म्हणून हुज्जत घालणारा नागपूरचा असो की पुण्याचा, तो सगळ्या बोटीचा तोल बिघडवत असतो.

डेकवर थोडं पाणी आलं तर एवढं घाबरायचं कारण काय?

कारण ते पाणी एका जागी थांबत नाही. ३० बाय १० मीटरच्या डेकवर फक्त ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १५ घनमीटर, म्हणजे १५ टन. बोट जरा कलली की हे १५ टन त्याच बाजूला धावतात, बोट आणखी कलते, आणखी पाणी येतं. उघड्या डेकच्या बोटीत कडेला पाणी वाहून जायची भोकं असतात. ती प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिप्सच्या पाकिटांनी बुजतात. कचरा डेकवर टाकू नका, एवढी साधी मदत प्रवासी करू शकतात.

बंद डेकच्या मोठ्या जहाजात हाच प्रकार भयंकर होतो. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी नाकाचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, काही मिनिटांत ती आडवी झाली आणि १९३ माणसं गेली. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’च्या नाकाच्या दरवाजाची कुलपं लाटांनी तुटली आणि ८५२ जण बुडाले. दोन्ही जहाजं १९८० ची. अपघाताच्या वेळी एक सात वर्षांचं, दुसरं चौदा. म्हातारपणाचा इथे काही संबंध नव्हता.

भरती-ओहोटीचं नागपूरकरांनी काय करायचं?

पंचांग बघायचं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस मोठं उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. मुंबईजवळ मोठ्या उधाणाला ही चढउतार चार मीटरपेक्षा जास्त जाते, रत्नागिरीकडे जवळपास निम्मी. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी आणि वेळ रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. पूर्ण ओहोटीला रॅम्प तीव्र उतरतो आणि जेट्टीचा शेवाळलेला भाग उघडा पडतो. लांब बंपरची सेडान असेल तर अष्टमी-नवमीचा दिवस किंवा अर्धी भरती धरून जा. खाडीतल्या फेऱ्या पावसाळ्यातही बहुतेक चालतात, वादळी दिवशी थांबतात. उघड्या समुद्रातल्या छोट्या लाँच मात्र पावसाळ्यात बंद ठेवतात.

गाडी चढवताना नेमकं काय करायचं?

रांगेत असतानाच वजनी सामान मागच्या बाजूला कोंबलेलं असेल तर पुढे सरकवा, नाहीतर मागचा बंपर रॅम्पच्या कडेला घासतो. चढताना खिडक्या खाली, पहिला गिअर, सावकाश आणि न थांबता. रॅम्प ओला असेल तर मध्येच ब्रेक मारू नका. चारचाकीतले बाकीचे लोक पायी चढलेले बरे. जागेवर लागल्यावर हँडब्रेक, मॅन्युअल असेल तर पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर पी, इंजिन आणि दिवे बंद, सायरन बंद. बोट हलली की चोरीचा अलार्म वाजत बसतो आणि मालक वरच्या मजल्यावर फोटो काढत असतो. गाडीतून बाहेर पडा, पण चावी आणि ड्रायव्हर गाडीजवळच हवेत. सीएनजीची गाडी असेल तर गळतीचा वास येत नाही ना ते बघा आणि आसपास कोणी बिडी पेटवली तर स्पष्ट सांगा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीखाली आधी मार बसलेला असेल तर ते खलाशाला आधीच सांगा. बॅटरीची आग डेकवरच्या छोट्या सिलिंडरने विझत नाही.

उतरताना पुढची गाडी रॅम्प पार करून गेल्याशिवाय आपली हलवू नका. रॅम्पवर एका वेळी एकच वाहन.

परत आल्यावर गाडी धुवायची का?

हो, आणि वरून नव्हे, खालून. नागपूरच्या कोरड्या हवेत गाड्यांना गंज कमी लागतो, त्यामुळे आपल्याकडे खालचा भाग धुवायची सवय नाही. दाराच्या तळाची पाणी जायची छिद्रं आपल्या धुळीने आधीच बुजलेली असतात. त्यात मिठाचं पाणी शिरलं की ते तिथेच राहतं. गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चाकांच्या कमानी, ब्रेक आणि सायलेन्सर धुवा, छिद्रं काडीने मोकळी करा, दारं उघडी ठेवून वाळवा. घरी येईपर्यंत थांबू नका, कोकणातून निघतानाच करा.

बोट निवृत्त करायची हे कोण ठरवतं?

कागदावर सर्वेक्षक. प्रत्यक्षात तीन गोष्टी: पुढच्या गोदीचा खर्च, पूल आणि गाळ.

गोदीचं अंदाजपत्रक आलं की मालक बघतो, एवढ्या पैशात बोट अजून किती वर्षं चालेल. पत्रे दोन-चार टन बदलायचे असतील तर करतो. तळाचा मोठा भाग, शाफ्ट आणि इंजिन एकाच वर्षी आले तर बोट तिथेच थांबते.

पुलाचं उदाहरण बांगलादेशात ताजं आहे. पद्मा नदीवरचा ६.१५ किलोमीटरचा पूल २५ जून २०२२ ला सुरू झाला आणि मावा घाटावरच्या फेऱ्यांचं काम एका दिवसात आटलं. त्या बोटी जुन्या झाल्या म्हणून थांबल्या नाहीत. उलटंही घडतं. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तेव्हा लोकांना नदी ओलांडायला परत फेऱ्यांचाच आधार उरला. पूल उभा राहिला म्हणून सगळ्या बोटी लगेच भंगारात काढणं शहाणपणाचं नाही, ते यासाठी.

गाळ सगळ्यात निर्दयी. गुजरातेत घोघा–दहेज ही मोठी गाजावाजा झालेली सेवा दहेजच्या बाजूला पुरेशी खोली राहिली नाही म्हणून बंद पडली आणि नोव्हेंबर २०२० पासून घोघा–हजिरा मार्गावर गेली. बोट ठणठणीत होती, पाणी उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर बोट कुठे जाते?

धडधाकट असेल तर कमी वर्दळीच्या खाडीवर. थोडी खालावलेली असेल तर इंजिनं काढून तिचा तराफा करतात, आणि ती धक्का म्हणून किंवा पुलाच्या कामाची यंत्रं नेण्यासाठी वापरतात. त्यालाही जमलं नाही तर भंगार.

मोठी जहाजं गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर जातात. १९८३ पासून तिथे जहाजं तुटत आहेत, आणि त्याचं कारण भूगोल: खंभातच्या आखातात मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं, त्यामुळे जहाज भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवता येतं आणि ओहोटीला ते कोरड्यात उभं राहतं. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापर कायदा केला, आणि जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबाबतचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला. जहाजात कुठे कोणता घातक पदार्थ आहे याची यादी आता तोडण्याआधी लागते. हा करार ५०० ग्रॉस टनांखालच्या जहाजांना लागू नाही. कोकणातल्या छोट्या फेरीबोटी बहुतेक त्याच गटात येतात आणि त्या खाडीच्या काठावरच कापल्या जातात. कायद्याची धार जिथे बोथट आहे, तिथे पुढच्या उत्तरात दिलेली काळजी जास्त घ्यावी लागते.

काठावर बोट कापताना काय चुकतं?

सर्वांत घातक चूक म्हणजे बंद टाकीत उतरणं. वर्षानुवर्षं झाकण न उघडलेल्या पोलादी कप्प्यात गंजाने ऑक्सिजन खाऊन टाकलेला असतो. आत ना वास, ना धूर, आणि माणूस दोन पावलांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कप्पे उघडून पंख्याने हवा खेळवायची, मीटरने ऑक्सिजन मोजायचा, तो २०.९ टक्क्यांच्या जवळ हवा. १९.५ च्या खाली असेल तर कोणीही आत जायचं नाही.

मग क्रम असा: डिझेल आणि तळातलं तेलकट पाणी पिंपात काढायचं, बॅटऱ्या, एसीचा वायू, आगीचे सिलिंडर बाजूला. जुन्या बोटीत एक्झॉस्टच्या वेष्टणात आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते ओलं करून, मास्क लावून, पिशवीत बंद करून काढायचं. ज्या रेषेवर कापायचं तिथला रंग आधी खरवडायचा, कारण जुन्या प्रायमरमधलं शिसं ज्वाळेने धुराच्या रूपात थेट फुप्फुसात जातं. पंखा ब्राँझचा असतो. किलोमागे सगळ्यात जास्त भाव त्याला, म्हणून तो पहिल्यांदा उतरतो किंवा पहिल्यांदा चोरीला जातो. कापणं वरून खाली, दोन्ही बाजूंनी सारखं.

हे लोखंड आपल्या घराच्या सळईत येतं का?

अलंगचा चांगला पत्रा भावनगर-सिहोर भागातल्या मिलमध्ये तापवून थेट लाटतात. उरलेलं भंगार भट्टीत वितळतं. वितळवून पुन्हा बिलेट (ओतीव ठोकळे) केलेल्या पोलादात काही वावगं नाही. जालन्याच्या भट्ट्याही भंगारावर चालतात. पण जुना पत्रा न वितळवता नुसता लाटून केलेली सळई आरसीसी कामासाठी घेऊ नका. आयएस १७८६ या मानकात ती बसत नाही, कारण तिच्या धातूचा इतिहास कोणाला ठाऊक नसतो. सळईवर ब्रँड आणि ग्रेडचा उठाव, आणि सोबत त्याच लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट, दोन्ही मागा.

निवृत्त फेरीबोट गोसीखुर्द धरणावर आणता येईल का?

हा प्रश्न गमतीने विचारतात असं वाटतं, पण गंभीरपणे विचारणारेही आहेत. पहिली अडचण रस्ता. नऊ मीटर रुंद हुल महामार्गावरून येत नाही. ती लांबीच्या दिशेने तीन-चार पट्ट्यांत कापून ट्रेलरवर आणायची, पवनीजवळ जोडायची आणि नव्या बोटीसारखं सर्वेक्षण करून अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे नोंदवायची. एवढ्या खर्चात सुटे तराफे जोडून नवी बोट बांधणं जास्त सोपं.

दुसरी अडचण किनारा. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी समजा चार मीटर उतरली आणि काठाचा उतार ५० ला १ असेल, तर पाणी २०० मीटर मागे जातं. खाडीतली जेट्टी दिवसात दोनदा पाणी बघते, इथे ते कित्येक महिने चिखलापलीकडे राहील. सरकता तरंगता धक्का लागेल.

तिसरी, पाणी गोडं. सव्वा मीटर बुडणारी बोट गोड्या पाण्यात तीनेक सेंटिमीटर जास्त बुडते, ते चालेल. पण जस्त गोड्या पाण्यात नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचे तुकडे लागतात. आणि नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत जातं, त्यावर माजलेली इकॉर्निया (जलपर्णी) इंजिनच्या गाळण्या तासाभरात भरू शकते. अशा ठिकाणी बाहेरचं पाणी न ओढता तळाच्या पाइपांमधूनच इंजिन थंड करणारी कील कूलिंगची रचना घ्यावी.

तोतलाडोहचा विचार तर सोडाच. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे.

तिचं हॉटेल किंवा संग्रहालय का करत नाहीत?

करतात, पण पाण्यात उभी असेपर्यंत बोट पैसे खात राहते. अमेरिकेत सिएटलची ‘कालाकाला’ १९३५ मध्ये पाण्यात उतरली, १९६७ मध्ये निवृत्त झाली, अलास्कात मासळी डबाबंद करायचा कारखाना बनली, १९९८ मध्ये मोठ्या हौसेने परत आणली आणि गंजत राहून २०१५ मध्ये भंगारात गेली. सॅन फ्रान्सिस्कोची ‘युरेका’ त्याहून जुनी, १८९० ची, लाकडी हुलाची. ती टिकली, कारण सरकारी राष्ट्रीय उद्यानाने तिच्या देखभालीची जबाबदारी घेतली. आपल्या मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेजचं रेल्वे संग्रहालय आहे. तिथलं इंजिन रुळावर उभं केलं की वर शेड आणि वेळेवर तेल-रंग पुरतो. बोटीला दर काही वर्षांनी गोदी हवीच. ती ठेवायचीच असेल तर कोरड्या जागेवर, तळाला हवा लागेल अशा ठोकळ्यांवर ठेवा.

जुनी बोट विकत घ्यायची आहे. काय बघावं?

गोदीत उभी असताना बघा, पाण्यात नाही. गेल्या दोन सर्वेक्षणांचे जाडीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करा, फक्त शेवटचे बघू नका. शाफ्ट शेवटचा कधी काढला ती तारीख, गिअरबॉक्सच्या तेलाचा वास, रॅम्पच्या पिना, बंद कप्प्यांची झाकणं उघडतात का. झाकणांचे नट रंगाखाली गाडले गेले असतील तर आत कोणी कित्येक वर्षं बघितलेलं नाही. स्थिरतेची पुस्तिका (बोटीच्या तोलाचा हिशेब) नसेल, किंवा बोटीवर नंतर वरचा मजला चढवलेला असून पुस्तिका जुनीच असेल, तर व्यवहार करू नका.

मुलाला या कामात जायचं आहे. नागपूरहून काय करता येईल?

आयटीआयचा डिझेल मेकॅनिक किंवा वेल्डर हा ट्रेड चांगली सुरुवात आहे. अंतर्देशीय बोटींवर सारंग, मास्टर आणि इंजिन ड्रायव्हर अशा वेगवेगळ्या पात्रता असतात आणि त्यांच्या परीक्षेला बसण्याआधी ठरावीक काळ बोटीवर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला किनाऱ्यावर राहिल्याशिवाय मिळत नाही. पोहता येणं ही अट समजा, आणि ते तलावात शिकलं तरी चालतं.